दहा मायक्रॉनमध्ये किती

नमुना सतरा. हिप्परग्याचा तलाव, पूर्वेची कड,
मार्चचा दुसरा आठवडा.
रेवणसिद्ध कोळ्याने होडी टेकवली आणि विचारलं,
"दगड घासायला सोलापूरहून आलाव व्हय?"
हो म्हटलं. जुन्या टूथब्रशने
दगडावरचं तपकिरी बुळबुळीत काहीतरी
खरवडून बाटलीत भरलं.
"मळ हाय की ओ ताई ते."

मळच.
पण त्यातला जिवंत थेंब काचेवर ठेवला
की सोनेरी होड्या निघतात,
वल्ही नाहीत, कोळी नाही,
धडकतात, मागे सरतात,
मंगळवार बाजारात वाट चुकल्यासारख्या.

नाव ठेवायचं तर आधी मारावं लागतं.
निबंधात असं कुणी लिहीत नाही.
लिहितात : नमुना आम्लात उकळून स्वच्छ केला.
रंग जातो, चाल जाते,
उरते काचेची डबी, झाकण आणि तळ,
आणि वरची नक्षी.
मग धुणं. आठ वेळा, लिटमस निळा राहीपर्यंत.
नळाला पाणी पाचव्या दिवशी येणाऱ्या गावात
एका बाटलीभर मळासाठी
इतकं पाणी ओतताना हात अडखळतो.

मग तेलाचा थेंब, शंभराचं भिंग,
श्वास धरून फोकस,
आणि मोजणी : दहा मायक्रॉनमध्ये रेघा किती.
अठरा. अठरा. एकोणीस. अठरा.

ही मोजणी मला कॉलेजने शिकवली नाही.
नायना चादरीच्या कारखान्यात चेकर होते.
खिशात घडीचं पितळी भिंग, इंचभर चौकटीचं.
कापडावर ठेवून सुईच्या टोकाने
धागे मोजायचे, ओठ न हलवता.
डबा घेऊन गेले तरी मागांच्या खडखडाटात
बोलणं शक्यच नसायचं.
मी सुई सरकताना बघत बसायची.

जूनमध्ये परीक्षकाचं पत्र आलं, कुठल्याशा थंड देशातून :
ही नवी जात नसावी,
जुनीचीच लहान झालेली पिढी असावी.
शंका रास्त होती. डायटम दुभंगतो
तेव्हा एका लेकीला झाकण मिळतं, दुसरीला तळ;
तळवाली त्यालाच झाकण मानते
आणि आत त्याहून छोटा तळ घडवते.
वाटणी होत जाते, घर लहान होत जातं,
मग कधीतरी एखादी सगळी काच टाकून देते,
उघडी, मऊ, फुगत जाते,
पहिल्याएवढी होते.
म्हणजे माप हा पुरावा नव्हे.
मग पुरावा काय?

पुण्याहून आलेले इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो
मी घरी फरशीवर पसरले होते.
नायना उकिडवे बसले,
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यावर पितळी भिंग.
बराच वेळ.
"इथं एक अर्धा सुटलाय," म्हणाले.
दुसऱ्या फोटोवर गेले. तिसऱ्या.
"सगळ्यांत तिथंच.
विणणाऱ्याचा हात चुकला तर दोष जागा बदलतो.
एकाच जागी येतोय म्हंजे
फणीतच हाय."

दोनशे तेरा डब्या पुन्हा मोजल्या.
मोठीत, छोटीत, अगदी चिमुकलीत,
मधल्या ठिपक्याशेजारी एक रेघ अर्ध्यात थांबलेली.
कारखान्यात असा ताका बाजूला काढतात.
इथे त्यालाच जात म्हणतात.

लॅटिन नाव ठेवलं, अर्थ एवढाच : अर्धी रेघवाली.
ऋणनिर्देशात शेवटची ओळ,
मल्लय्या येलदी, निवृत्त चेकर, मोजणीसाठी.
नायनांनी ती ओळ वाचून घेतली
आणि स्पेलिंगमधली एक चूक दाखवली.

स्लाइडवर हिऱ्याच्या टोकाने कोरलेलं एक वर्तुळ,
त्यात एकच डबी. ती आता जातीची साक्षीदार.
तलाव भरल्यावर गेले तर
माझा दगड कुठे ते सापडेना.
रेवणसिद्धाने विचारलं, "नाव ठिवलं, बरं. खातं काय ते?"
"ऊन," म्हटलं.
त्याने पाण्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे.
"मग कमी न्हाई पडायचं," म्हणाला,
आणि होडी ढकलली.